‘प्रगत देशांत हे चालत नाही’: आमच्या काकांच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या रविवारी एक संदेश टाकला. त्यानंतरच्या चार दिवसांत तोच मला मावसबहिणीकडून, कोर्टातल्या एका कारकुनाकडून आणि शाळेच्या ग्रुपवरूनही आला. म्हणजे जोरात फिरतोय. हात जोडलेली चित्रं वगळून मजकूर साधारण असा:

“पाप हे जगात कुठेही पापच. प्रगत देशांनी पापाला गुन्हा ठरवलं म्हणून ते प्रगत झाले. सिंगापूरमध्ये च्युइंगम चघळलं तरी तुरुंग! दुबईत तर विचारूच नका. कायदा कडक केला की माणसं आपोआप सुधारतात. आणि आपल्याकडे? २०१८ मध्ये कोर्टाने व्यभिचाराला परवानगी दिली! हजारो वर्षांची परंपरा मोडून पाश्चात्त्यांची नक्कल! पुढे पाठवा.”

मी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात वकिली करते. काकांशी माझं वैर नाही, दर गणपतीत त्यांच्याकडचे मोदक मीच सर्वांत जास्त खाते. पण त्यांनी खाली “वकीलबाईंनी यावर बोलावं” असं लिहिलंय, तेव्हा बोलते.

सिंगापूर आधी उरकून टाकते. च्युइंगम चघळणं तिथे गुन्हा नाही. १९९२ पासून बंदी आहे ती आयातीवर आणि विक्रीवर. तिच्या मुळाशी पाप-पुण्य नव्हतंच. लोक चघळून झालेला गोळा मेट्रोच्या दारांच्या सेन्सरला चिकटवायचे आणि गाड्या खोळंबायच्या. आपल्या एसी लोकलची दारं रोज काय काय सोसतात हे पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पुढे अमेरिकेशी व्यापार करार झाला आणि २००४ पासून औषधी च्युइंगम फार्मासिस्टकडे मिळायला लागलं. याच सिंगापूरमध्ये २०१० पासून दोन कसिनो चालू आहेत. परदेशी पाहुण्याला आत जायला प्रवेशकर नाही. तिथल्या नागरिकाला मात्र चोवीस तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात. जुगार हे पाप असेल, तर त्या पापाला तिथे तिकीट आहे. आणि ज्या सिंगापूरच्या कडक कायद्याचं काकांना कौतुक, त्याची दंडसंहिता मुळात आपल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेवरून बेतलेली आहे.

दुबईचं दोन वाक्यांत सांगते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२० मध्ये कायदे बदलले आणि लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्ह्यातून काढलं. काकांचा फॉरवर्ड त्याआधीचा असावा.

‘पाप कुठेही पापच’ या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय, कारण ऐकायला तो सर्वांत खरा वाटतो.

मुंबईतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये जा. भिंतीवर पाटी असतेच: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा आला १९९४ मध्ये. मुलगा की मुलगी हे डॉक्टरने नुसतं खुणेने सांगितलं तरी तुरुंग. आता माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या डॉक्टरने तीच माहिती पाकिटात घालून दिली, पाकीट बेकरीत गेलं, आणि पन्नास माणसांसमोर केक कापला तर आतून गुलाबी निघाला. टाळ्या, फोटो, सगळं. व्हिडिओ पाहताना माझ्या सासूबाई एकदम म्हणाल्या, “अगं, हिला पकडतील ना?”

माहिती तीच, यंत्र तेच. मग तिथली माणसं पापी आणि आपण पुण्यवान का? तर नाही. आपल्याकडे त्या माहितीने पोटातल्या मुली मारल्या, म्हणून माहितीच गुन्हा ठरवावी लागली. आपला कायदा आपल्याच एका दुखण्यावर बसवलेलं प्लास्टर आहे. ते दुसऱ्या देशाच्या पायावर का नाही, असं विचारण्यात अर्थ नाही.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. रस्त्यात माणूस पडलाय आणि आपण बघून पुढे निघून गेलो, याला कुठलीही आजी पापच म्हणेल. जर्मनीत असं केलंत तर एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. आपल्याकडे रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइतावर तसं सर्वसाधारण कायदेशीर बंधन नाही. इंग्लंडमध्येही नाही. आता यातलं प्रगत कोण ते काकांनीच ठरवावं. त्याच जर्मनीत कैद्याने एकट्याने, कुणाला इजा न करता तुरुंगातून पळ काढला तर त्या पळण्याबद्दल वेगळी शिक्षा नाही. सुटायची इच्छा माणसाला असणारच, असा तिथला विचार. हे मी बाररूममध्ये सांगितलं तेव्हा फौजदारीवाल्या एका सहकाऱ्याला चहाचा ठसका लागला होता.

बरं, परदेश राहू दे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा घ्या. १९६० मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले आणि दोघांनाही वारशात हाच कायदा मिळाला. गुजरातेत तो अजून दारूबंदी करतो. महाराष्ट्रात त्याच कायद्याखाली ‘परमिट रूम’ची पाटी लागते आणि पिणाऱ्याला जो परवाना मिळतो, त्यात दारू ‘आरोग्य राखण्यासाठी’ असते. व्हिस्कीला वय पंचवीस पूर्ण पाहिजे, सौम्य बिअरला एकवीस. बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात शिरलात की अठरा. काका, थर्टी फर्स्टला गच्चीवर बसता तेव्हा परवाना खिशात असतो ना? (गंमत केली. पण असू द्या.) महालक्ष्मीच्या घोड्यांवर पैसे लावले तर ते कौशल्य, असं सर्वोच्च न्यायालय १९९६ मध्ये म्हणालं. राज्याची लॉटरी सरकार स्वतः १९६९ पासून चालवतंय. आणि मटक्याचा आकडा लावला की आत. ही तीन वेगवेगळी पापं एकाच शहरातली आहेत.

‘कायदा कडक केला की माणसं सुधारतात’ यावर मुंबईकराने तरी बोलू नये. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली ती नीतीच्या नावाने. पण तीन तारे किंवा त्याहून वरची हॉटेलं आणि जिमखाने तिच्यातून वगळले होते. म्हणजे तोच नाच ग्रँट रोडच्या बारमध्ये अनीती आणि तारांकित हॉटेलात करमणूक! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी फेटाळली त्यात हा भेदभाव मोठा मुद्दा होता.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं काय झालं तेही आठवा. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी खटला हरले, दंड झाला. संततिनियमन आणि लैंगिक विषयांबद्दल उघडपणे बोलायची किंमत ही होती. मग १९५२ मध्ये भारत सरकारने स्वतःच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, आणि कालांतराने लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. आयर्लंडमध्ये तोवर गर्भनिरोधक साधनं विकणं गुन्हाच होता, तो १९७९ पर्यंत. इथे आपण पुढे होतो, काका.

आता व्यभिचार. फॉरवर्डचा सगळा जीव यातच आहे.

पहिलं म्हणजे ‘परवानगी’ हा शब्द चूक. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, म्हणजे त्यासाठी तुरुंग उरला नाही. घटस्फोटाला ते कारण होतं, आजही आहे. माझ्या कपाटात या घडीला अशा दोन फायली आहेत.

दुसरं, ते कलम काय होतं हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलंय? परक्याच्या बायकोशी, नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवले तर पुरुषाला पाच वर्षं. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. बाई अविवाहित किंवा विधवा असेल तर गुन्हा नाही. आणि आपला नवरा बाहेर जातो म्हणून बायकोला तक्रारच करता येत नव्हती. म्हणजे नीती कुठेच नव्हती, मालकी होती. १९५४ मध्ये मुंबईतूनच गेलेल्या खटल्यात हे कलम टिकलं होतं, हेही सांगायला हवं. न्यायालयाला मत बदलायला ६४ वर्षं लागली.

तिसरं, परंपरा. काकांचं अर्धं बरोबर आहे. पेशवाईत ‘शिंदळकी’ला शिक्षा होती: पुरुषाला बहुधा दंड, आणि बाईला बटीक करून राबवायला नेत. मनुस्मृतीत शिक्षा आहेत, वर्णाप्रमाणे कमी-जास्त. कलम ४९७ यातलं काहीच नव्हतं, त्यात बाईला शिक्षाच नव्हती. मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात व्यभिचार गुन्हा म्हणून घेतलाच नव्हता. तो नंतर घातला गेला, आणि तोही इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात तो गुन्हा नसताना. तेव्हा २०१८ मध्ये मोडली ती नेमकी कुणाची परंपरा? आणि नक्कल म्हणाल तर दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये, तैवानने २०२० मध्ये हा गुन्हा रद्द केला. न्यूयॉर्क राज्याने १९०७ चा आपला कायदा काढला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, आपल्यानंतर सहा वर्षांनी.

पाश्चात्त्यांची नक्कल कशाला म्हणतात ते दाखवायचं तर रखमाबाईंचा खटला काढावा लागतो. लग्न अकराव्या वर्षी. मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला जाईनात, म्हणून त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळताना सांगितलं की असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडहून आलाय. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. गंमत अशी की इंग्लंडने अशा दाव्यातली कैद १८८४ मध्येच काढून टाकली होती. पुढे १९७० मध्ये इंग्लंडने तो दावाच रद्द केला. आपण तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून घातला आणि अजून जपून ठेवलाय. आज कुणी तो काढा म्हटलं की पहिली ओरड होते ती ‘आपली संस्कृती’ अशीच.

परवा अशाच एका अर्जाची तारीख होती. मुलगी भांडुपची, एका खासगी कंपनीत कामाला. तिने हळूच विचारलं, “नाही गेले तर पोलीस नेतील का?” म्हटलं, नाही, ती कैद १९२३ मध्ये गेली. फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

“मालमत्ता म्हणजे माझी ॲक्टिव्हा का?”