नाशकात मान हवा? आधी नाशिक सोडा

तुम्ही सत्ताधारी भाजपचे जुने कार्यकर्ते असाल, तर पहिला सल्ला असा की उद्याच्या उद्या पक्ष सोडा. रागावून नको, डोकं शांत ठेवून. वर्षानुवर्षं बूथवर बसलात, मतदारयाद्या तोंडपाठ केल्यात, उन्हातान्हात स्लिपा वाटल्यात, साहेब येणार म्हणून पहाटे उठून झेंडे लावलेत आणि साहेब गेल्यावर तुम्हीच ते उतरवलेत. एवढ्या भांडवलावर नाशकात फार तर सभेची तिसरी रांग मिळते, तीही कुणी उठवेपर्यंत. त्यापेक्षा विरोधी पक्षात जा. तिथून आपल्याच जुन्या पक्षावर यथेच्छ तोंडसुख घ्या, जमल्यास एखादा खणखणीत आरोप अंगावर ओढवून घ्या आणि मोबाईल चार्ज करून ठेवा. बोलावणं येतं.

पटत नाही? सुधाकर बडगुजरांचं बघा. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात भाजपच्या नितेश राणेंनी फोटो फडकावले आणि ठाकरे गटाच्या या नाशिककर पुढाऱ्याने १९९३ च्या बॉम्बस्फोटातल्या सलीम कुत्ताबरोबर पार्टी केली, असा आरोप भर सभागृहात केला. बडगुजरांनी आरोप फेटाळला, सरकारने चौकशी जाहीर केली, चॅनेलवाल्यांचे दोन-चार दिवस छान गेले. २०२४ ला बडगुजर नाशिक पश्चिममधून भाजपच्या सीमा हिरेंविरुद्ध विधानसभा लढले आणि पडले. जून २०२५ मध्ये ते भाजपात आले. हिरेताईंनी उघड विरोध केला. तो ऐकून घेण्यात आला असावा, कारण प्रवेश व्यवस्थित पार पडला. आधी पार्टीचे फोटो, मग पार्टीत प्रवेश. पक्षाचं ‘वेगळेपण’ म्हणतात ते हेच.

तुम्हाला एवढा दीड वर्षाचा धीर नसेल, तर जलद मार्गही आहे. २४ डिसेंबर २०२५ ला ठाकरे बंधूंची युती जाहीर झाली. नाशकात फटाके वाजले, पेढे वाटले गेले, पुढारी नाचले. त्या नाचणाऱ्यांतली काही मंडळी, त्यात दोन माजी महापौर, दुसऱ्या दिवशी भाजपात होती. घामसुद्धा वाळला नसेल. नाशिक मध्यच्या भाजप आमदार देवयानी फरांदे यांनी विरोध केला, आणि पक्षाचं कार्यालय म्हणजे ‘वसंतस्मृती’, त्याच्या दारात त्यांच्याच कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या. आत स्वागत, बाहेर निषेध, दोन्हीकडे कमळाचेच गमछे. जानेवारीतल्या पालिका निवडणुकीसाठी वरून ‘शंभर प्लस’ जागांचा नारा होता, तेव्हा माणसं मोजायची होती, ओळखायची नव्हती. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

पुढची पायरी एबी फॉर्मची. हा कागद काय असतो हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. ‘ए’मध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने सही करणारा हा, ‘बी’मध्ये उमेदवाराचं नाव. दोन कागद. ते शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत टेबलावर पोचले तर तुम्ही कमळ, नाहीतर तुम्ही अपक्ष, म्हणजे कपाट किंवा शिट्टी. ३० डिसेंबरला हे कागद अमुक गाडीत आहेत अशी कुणकुण लागली आणि इच्छुकांनी शहराध्यक्षांच्या गाडीचा पाठलाग केला, थेट शहराबाहेरच्या फार्महाऊसपर्यंत. जगातला सर्वांत मोठा, शिस्तबद्ध पक्ष मुंबई-आग्रा रस्त्यावर एकमेकांना ओव्हरटेक करत होता. तेव्हा इच्छुकांनो, वॉर्डातले हळदीकुंकू, आरोग्य शिबिरं, वह्यावाटप जरा कमी करा. त्या पैशात मोटरसायकलची सर्व्हिसिंग करून घ्या. द्वारका सर्कलमधून तीन मिनिटांत बाहेर पडून दाखवील तो खरा लोकप्रतिनिधी.

तुम्ही म्हणाल, हे तिकिटापुरतं झालं. नाही हो, इथे वरपासून खालपर्यंत हाच शिरस्ता आहे. २०१७ च्या पालिका निवडणुकीत नागपूरच्या फडणवीसांनी नाशिक दत्तक घेतो म्हणून सांगितलं. आम्ही लगेच १२२ पैकी ६६ जागा देऊन मांडीवर जाऊन बसलो. मग २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींचा आकडा वाचून दाखवला गेला. रबरी टायरची मेट्रो! टायर अजून कुणी पाहिले नाहीत, पण आकडा लक्षात आहे. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, आणि मग जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नाही. जवळपास चार वर्षं तुंबलेल्या गटारीची तक्रार करायला नगरसेवक नव्हता, होते ते माजी आणि भावी.

पालकाचंही तसंच. शहरातल्या पूर्व, मध्य, पश्चिम या तिन्ही जागा २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळा भाजपला दिल्या. जिल्ह्यात आज पाच आमदार पक्षाचे. त्यातला मंत्री कोण? कुणी नाही. मग १८ जानेवारी २०२५ ला जामनेरच्या गिरीश महाजनांना नाशिकचं पालकमंत्री केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली, कारण मित्रपक्षाच्या मालेगावच्या दादा भुसेंनाही नाशिकचा कळवळा होता. राष्ट्रवादीवाले म्हणाले, आमदार आमचे जास्त, कळवळाही आमचाच जास्त. ज्या जिल्ह्याच्या प्रेमात इतके लोक एकदम पडतात, तिथे हजारो कोटींचा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलेला असतो, हा केवळ योगायोग.

झाडांची गोष्ट तर सांगायलाच हवी. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाला जे साधुग्राम उभारतात, त्यासाठी तपोवनातली सुमारे १,८०० झाडं काढायची नोटीस नोव्हेंबर २०२५ मध्ये लागली. लोक झाडांना मिठ्या मारायला गेले, हरकतींचे ढीग पडले, सयाजी शिंदे आले, प्रकरण हरित लवादापर्यंत पोचलं. त्यावर महाजनांचा उतारा काय? आंध्रातल्या राजमहेंद्रीहून पंधरा-पंधरा फुटी झाडं, तीही १५ हजार. म्हणजे गोदेच्या काठी आपसूक वाढलेलं, कुणाकडे काही न मागणारं झाड नको. ट्रकमधून, मुळांना गोणपाट गुंडाळून, फोटोसकट आलेलं झाड हवं. तपोवनातल्या त्या जुन्या झाडाने ‘वसंतस्मृती’समोरच्या घोषणा ऐकल्या असत्या, तर त्याला नोटिशीचं एवढं नवल वाटलं नसतं.

तरी झाडाचं नशीब थोडं बरं. वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार झाड तोडायचं तर त्याचं वय काढावं लागतं, आणि जेवढं वय तेवढी नवी रोपं लावावी लागतात. पन्नास ओलांडलेलं झाड हेरिटेज ठरतं. आधी नोटीस, मग हरकती, मग सुनावणी. निष्ठावंत कार्यकर्त्याला यातलं काही नाही. पक्षात चाळीस वर्षं काढलेला माणूस कापताना कुणी वय विचारत नाही, बुंध्यावर नोटीस चिकटवत नाही. थेट यादी लागते.

बाहेरून येणाऱ्याला पायघड्या, हे झालं. पण इथून बाहेर जायचं म्हटलं तर? ते कांद्याला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत, म्हणजे लाल कांदा मातीमोल होऊन लोकसभेचा प्रचार रंगात येईपर्यंत. लासलगाव ज्या दिंडोरीत येतं तिथे केंद्रातल्या तेव्हाच्या राज्यमंत्री, भाजपच्या भारती पवार पडल्या. कांदा उत्पादकांनी राग काढला तो असा, मतपेटीतून.

आणि शहरातले आपण? आपण मिसळीच्या टेबलावर चिडतो. तर्री दुसऱ्यांदा मागवेपर्यंत सरकार पाडून होतं, पापड येईपर्यंत नवं बसवून होतं. खड्डे, सांडपाण्याने काळी पडलेली गोदावरी, रामकुंडाच्या पुढे पसरलेल्या पाणवेली, सगळं काढतो. मग जानेवारी २०२६ मध्ये जाऊन भाजपलाच १२२ पैकी ७२ जागा देतो. पाठलाग बघितला, फटाके बघितले, बाजूला एकही धड विरोधक दिसेना (होते ते आदल्या महिन्यातच पलीकडे गेलेले), आणि बोट आपोआप जुन्या बटणावर गेलं. यात शरमायचं काही नाही. फक्त एवढं समजून घ्या की पक्षाच्या हिशेबात तुम्हीही निष्ठावंतच. निष्ठावंताचं काय होतं ते वर सविस्तर सांगितलं आहे.

म्हणून मतदारांना वेगळा सल्ला नाही, तोच आहे: नाशिक सोडा. घाई नको, ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, त्याच्या आत निघा. बदलापूर, नगर, सुरत, कुठेही भाड्याने खोली घ्या. मग २ ऑगस्ट २०२७ ला, पहिल्या अमृतस्नानाला, भाविक म्हणून परत या. स्टेशनवर मदतकक्ष असेल. नळाला दिवसभर पाणी असेल. फिरती स्वच्छतागृहं, दिवाबत्ती, दर वळणावर मार्गदर्शक फलक, जागोजागी पोलीस, फुकट बस. तुमच्याच कॉलनीसमोरचा तुमचाच रस्ता गुळगुळीत झालेला दिसेल, त्यावरून अनवाणी चालून बघा.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. आधार कार्डावरचा पत्ता आधी बदलून घ्या. कुणा स्वयंसेवकाने तिथे सिडको किंवा पंचवटी वाचलं, की तो हसून म्हणेल, ‘अहो काका, तुम्ही तर घरचेच की. जरा मागे सरका, पाहुण्यांना पुढे येऊ द्या.’