खुलासा: रसेल विल्सनला फक्त वाईट खेळामुळे काढलं नाही

‘डेन्व्हर ब्रॉन्कोसनं क्वार्टरबॅक रसेल विल्सनला खेळ खालावला म्हणून हाकललं आणि पैसेही वाचवले,’ असा मजकूर फिरतोय. (ब्रॉन्कोस हा अमेरिकन फुटबॉलमधला क्लब; क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू.) यातलं पैसे वाचवल्याचं तर साफ चूक आहे.

विल्सनचा 2022चा मोसम खराबच गेला, ते मान्य. पण 2023मध्ये त्यानं 26 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले आणि फक्त 8 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास). तरी शेवटच्या 2 सामन्यांत त्याला बाकावर बसवलं. खरी मेख करारात होती. तो जखमी होऊन मार्च 2024पर्यंत बरा झाला नसता, तर त्याच्या 2025च्या पगाराचे 3 कोटी 70 लाख डॉलरही क्लबच्या गळ्यात पडले असते. ही अट बदलण्यासाठी आपल्यावर आधीच दबाव आणला गेला, असं विल्सननंच नंतर सांगितलं. प्रशिक्षक शॉन पेटन यांचं म्हणणं मात्र, आक्रमणाला चालना हवी होती. दोन्ही कारणं असू शकतात; मला पहिलं जड वाटतं.

आणि बचत? मार्च 2024मध्ये त्याला सोडल्यावर पगारमर्यादेच्या (क्लबनं खेळाडूंवर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा, त्या मर्यादेच्या) हिशेबात सुमारे 8.5 कोटी डॉलरचा बोजा ब्रॉन्कोसवर आला. तोवरचा विक्रमच. पिट्सबर्ग स्टीलर्स या दुसऱ्या क्लबला तो मिळाला जेमतेम 12 लाख डॉलरांत. उरलेला पगार डेन्व्हरनंच भरला.