चार पांडव आणि ठाण्याची सीट

मंगळवारी माझी ठाण्याची सीट गेली.

मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्याला या वाक्यातलं दुःख उलगडून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. डोंबिवलीला डब्यात शिरायचं, बसलेल्यांवरून नजर फिरवायची आणि "कुठे?" एवढंच विचारायचं. समोरचा "ठाणा" म्हणाला की ती सीट आपली. सही नाही, शिक्का नाही, पण व्यवहार खरेदीखताहून पक्का. बावीस वर्षांत हा शब्द फिरलेला मी पाहिला नव्हता. मंगळवारी फिरला. का, तर मला डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक बँडचा 'बर्न' हा अल्बम आवडतो.

खिडकीतल्या काकांना मी विचारलं, ते "ठाणा" म्हणाले. पासष्टीच्या पुढचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर आडवी छत्री. मी निर्धास्त झालो, बॅग रॅकवर टाकली, ब्लूटूथची बोंडं कानात खुपसली आणि फोनवर गाणं सुरू केलं. बोंडांचं आणि फोनचं त्या दिवशी बोलणं बंद होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाचा एक अभंग नुकताच संपला होता, दुसरा सुरू व्हायचा होता. त्या दोन क्षणांच्या शांततेत माझ्या हातातून डीप पर्पलचा गायक इयन गिलन किंचाळला.

डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम'. सुरुवातीला हे गाणं देवघरातल्या समईसारखं शांत असतं. मग गिलन 'ऊ'वरून 'आ'वर जातो आणि 'आ'वरून जिथे जातो त्याला बाराखडीत अक्षर नाही. आदल्या रात्री झोप आली म्हणून मी ते नेमकं तिथे थांबवलं होतं.

दारातल्या एकाने मागे वळून विचारलं, "कुणाचं बोट चेमटलं रे?" मी फोन बंद करायला गेलो, तर अंगठ्याला घाम. फोन मला ओळखच दाखवीना. गिलन पुन्हा ओरडला. भजनाच्या बुवांनी टाळ मांडीवर ठेवले आणि फार काळजीने म्हणाले, "साहेब, काही त्रास आहे का याला?"

"हे जपानचं," खिडकीतले काका म्हणाले.

"जपानी होय! तरीच," दारातला म्हणाला.

"जपानी नव्हे हो. 'मेड इन जपान'. कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग, ऑगस्ट १९७२, ओसाका. मूळ स्टुडिओतलं वेगळं. ते १९७०चं, 'इन रॉक' अल्बममधलं."

खरं तर मला गहिवरून यायला हवं होतं. सकाळच्या गर्दीत, सेकंड क्लासमध्ये, डीप पर्पल ओळखणारा माणूस! पण चाहत्याला दुसरा चाहता भेटला की आधी आनंद होत नाही, आधी संशय येतो. मी म्हणालो, "काका, मी 'इन रॉक'मधलंच लावलंय."

"मग कान दाखवून घ्या एकदा."

मी फोन त्यांच्यासमोर धरला नाही. कारण पडद्यावर मला दिसत होतं, ते जपानचंच होतं. ॲप काय वाटेल ते मधे घुसवतं. हे मी इथे लिहितोय, काकांना सांगणार नाही.

एव्हाना माझा अंगठा सुकला होता आणि गाणं बंद झालं होतं. पण बुवांचं कुतूहल जागं झालं. "ती पेटी कोण वाजवत होतं? पेटीवाला चांगला आहे. तो ओरडणारा काढून टाका."

"पेटी नाही, हॅमंड ऑर्गन," काका म्हणाले. "जॉन लॉर्ड. गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा."

"म्हणजे पेटीच, पण माजलेली," बुवा म्हणाले. जॉन लॉर्डच्या वाद्याचं इतकं नेमकं वर्णन मी इंग्रजीतसुद्धा वाचलेलं नाही.

इथे मी एक चूक केली. बुवांचं मन राखायला म्हणून सांगितलं, की या गाण्याच्या ऑर्गनची सुरावट मूळची सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडची, १९६९ची, आणि त्या मूळ गाण्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. झालं! "म्हणजे मूळ आपलंच!" तिसऱ्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले. "सगळं इथूनच उचलतात." बॉम्बेचा त्या गाण्याशी नावापुरताच संबंध आहे आणि ज्यांचं उचललं त्या बँडनेही पुढे पर्पलची एक चाल उचलून हिशेब चुकता केला, हे मी सांगू लागलो. पण दिवा आलं होतं आणि डबा अभिमानाने भरून गेला होता.

काका मात्र हलले नव्हते. त्यांनी छत्रीच्या दांड्यावर अल्बम मोजायला सुरुवात केली. पहिले तीन, १९६८-६९चे, म्हणजे मुंज व्हायच्या आधीचे, ते धरायचे नाहीत. 'इन रॉक' पहिला. 'फायरबॉल' म्हणजे मधला मुलगा, हुशार असून कुणी विचारत नाही. मग १९७२चा 'मशीन हेड'. इथे त्यांनी छत्री उभी धरली.

"सात गाणी. सप्तपदी आहे ती. एक पाऊल इकडचं तिकडे करता येत नाही."

"'नेव्हर बिफोर'?" मी विचारलं. हे त्या अल्बममधलं चौथं गाणं. बँडला वाटलं होतं हेच गाजणार, म्हणून सिंगल म्हणून आधी तेच काढलं. 'स्मोक ऑन द वॉटर' मागे ठेवलं. ते सिंगल म्हणून यायला १९७३ उजाडलं, आणि आज गिटारच्या दुकानात शिरणारा प्रत्येक पोरगा पहिलं तेच वाजवतो.

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुमच्या लग्नातलं चौथं पाऊल आठवतंय तुम्हाला?"

आठवत नाही. पण हा काय युक्तिवाद झाला?

त्यांनी मग डब्याला माँत्रोची कथा सांगितली. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंड, सरोवराकाठचा कॅसिनो. फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. तिथेच रेकॉर्डिंग करायला आलेले हे पाच जण हॉटेलातून पाण्यावरचा धूर बघत बसले. तेच 'स्मोक ऑन द वॉटर'. शेवटी बंद पडलेल्या एका गारठलेल्या हॉटेलच्या बोळात गाद्या लावून अल्बम केला. रेकॉर्डिंगची गाडी बाहेर उभी, भाड्याने आणलेली, रोलिंग स्टोन्सची. काका सांगत होते छान, हे कबूल करायला हवं. दारातला माणूससुद्धा आत वळून ऐकत होता. "म्हणजे आगीवरच अभंग केला," बुवा म्हणाले.

मुंब्रा मागे पडलं तसं मला वाटलं, आता आपलं अस्त्र काढावं. तीस वर्षं जपलेलं. लग्नात, बारशात, ऑफिसच्या सहलीत, विषय कुठलाही असो, मी तो तिथे वळवून आणतो. मी म्हणालो, "मी त्यांना पाहिलंय."

खरंच पाहिलंय. ८ एप्रिल १९९५, अंधेरीचं क्रीडा संकुल. परीक्षा तोंडावर, घरी सांगितलेलं की मित्राकडे अभ्यासाला जातोय. परत येताना अंधेरीहून दादर, दादरहून शेवटची गाडी, आणि कानात तीन दिवस प्रेशर कुकरची शिट्टी. आई विचारत होती, "एवढा कसला अभ्यास केलास रे, की ऐकू येईना?" १९७२च्या लंडनच्या एका कार्यक्रमातल्या ११७ डेसिबलमुळे गिनेस बुकाने यांना सर्वांत कर्कश बँड ठरवलं होतं, हे आईला सांगून उपयोग नव्हता. पुढे अंधेरीच्या त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली, तिचं नावही 'बॉम्बे कॉलिंग'च. तिच्यात गर्दीवरून कॅमेरा फिरला की मी अजून थांबवून शोधतो. एका जागी एक कोपर आहे. ते माझं असावं.

काकांनी डॉक्टर विचारतात तशा हलक्या आवाजात विचारलं, "गिटारवर कोण होतं?"

"स्टीव्ह मॉर्स."

त्यांनी डोळे मिटले. "मूळचा गिटारवाला, ब्लॅकमोर, नोव्हेंबर ९३ला सोडून गेला होता."

"पण बाकीचे चौघं होते ना! गिलन, ग्लव्हर, लॉर्ड, पेस!"

"पांडव किती?"

"पाच."

"अर्जुन काढा. काय उरलं?"

"भीम उरला की," बुवा म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

"भीम उरतो. पण गांडीव कोण उचलणार?" काका माझ्याकडे वळले. "मीसुद्धा जाऊ शकलो असतो अंधेरीला. तिकीट देत होता एक जण. नाही गेलो. तुम्ही डीप पर्पल पाहिलेलीच नाही. तुम्ही गर्दी पाहिलीत."

हसू नका. मला लागलं. जॉन लॉर्ड २०१२मध्ये गेला. त्याला मी त्या रात्री ऑर्गनवर वाकलेला पाहिला होता, लांबून, अंगठ्याएवढा, पण पाहिला होता. आणि एक माणूस, जो घरी बसून राहिला, तो मला मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये सांगतो की तू गेलाच नव्हतास!

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. माझे वडील नाट्यसंगीतवाले. रविवारी त्यांची मंडळी आमच्या गॅलरीत जमायची. कुणी म्हणालं, अमक्याचं ऐकलं परवा, की दुसरा लगेच म्हणायचा, "आता काय ऐकता? आवाज होता तेव्हा ऐकायला हवं होतं." ऐकून आलेल्या माणसाला ऐकून आल्याचा पश्चात्ताप व्हायचा. या गॅलरीचा कंटाळा येऊन मी सोळाव्या वर्षी लांब केसांच्या, तोकड्या सदऱ्यांच्या, साहेबाच्या देशातल्या संगीताकडे पळालो. म्हटलं, इथे तरी 'आमच्या वेळी' नसेल. तिकडे पोचलो तर गॅलरी तीच, फक्त सुपारीऐवजी सिगरेट. आणि आता तर परीक्षाच असते. टी-शर्ट घातला की तीन गाणी सांगा. कुठला मार्क, म्हणजे बँडमधल्या माणसांचा कुठला संच, पहिला, दुसरा की तिसरा? 'फायरबॉल' कुठला ऐकलात, 'डेमन्स आय' असलेला इंग्लंडचा की 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' असलेला अमेरिकेचा? अरे, मी दहा तास ऑफिसात चुका ऐकून घेतो, मला पाऊण तास एक माणूस ओरडलेला ऐकू द्या ना!

हा सगळा राग माझ्या जिभेवर आला आणि मी म्हणालो, "काका, खरं सांगू? मला 'मशीन हेड'पेक्षा 'बर्न'च आवडतो."

डब्यात काही घडलं नाही. कुर्ल्याला जाणाऱ्या माणसाला १९७४च्या अल्बमचं काय? पण काकांनी छत्री उचलून छातीशी धरली.

"कव्हरडेलचा? गिलनच्या जागी गायला घेतला तो! कापडाच्या दुकानात काम करणारा पोऱ्या होता तो. तिथून उचलून आणला."

"मग काय झालं? आणि त्यात तुमचा अर्जुन आहे की! गिटारवर ब्लॅकमोरच आहे."

सापडले, असं मला वाटलं. पण गॅलरीत वाढलेली माणसं अशी सापडत नाहीत.

"अर्जुन आहे," काका म्हणाले. "पण कृष्ण कुठाय?"

म्हणजे मुंब्रा सुटताना पांडवांत असलेला गिलन कळवा येईपर्यंत कृष्ण झाला होता! मी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला, "बरोबर आहे सर. त्यांच्याशिवाय मजाच नाही."

इस्त्रीचा निळा शर्ट, पाठीवरची लॅपटॉपची बॅग पोटावर, वय फार तर सत्तावीस. डोंबिवलीपासून हा एक शब्द बोलला नव्हता. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं परदेशी गेलेला मुलगा सणाला घरी यावा. ठाणे आलं. काका उठले, पिशवी काखेत मारली, माझ्या दिशेला छत्री आडवी धरली आणि त्या पोराला म्हणाले, "बसा."

तो बसला. खिडकीत. मी माझ्या बॅगेखाली उभा. "अहो काका, मी डोंबिवलीला विचारलं होतं!" असं म्हणेपर्यंत ते फलाटावर होते. तिसऱ्या सीटवाल्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुम्ही वाद नव्हता घालायचा."

मुलुंड गेल्यावर त्या पोराने वर बघून विचारलं, "काका, ते मघाशी वाजलं ते कुठल्या पिक्चरमधलं होतं हो?"

काका! मला!

दुपारी सव्वाचारला, चहाचा कप हातात असताना, मला ते वाक्य सुचलं. ब्लॅकमोर आज काय करतो? १९९७पासून त्याचा दुसरा बँड आहे. जुन्या काळच्या दरबारी गवयाचे कपडे घालतो, पायात तंग विजारी, आणि बायकोच्या गाण्यामागे मध्ययुगीन चाली वाजवतो. म्हणजे, काका, तुमच्या अर्जुनाची बृहन्नडा झालेली आहे! एवढं नेमकं वाक्य मला आयुष्यात दुसरं सुचलेलं नाही, आणि ते सव्वाचारला सुचलं. शेजारच्या टेबलावर सांगितलं. त्यांनी विचारलं, ब्लॅकमोर कोण?

बुधवारपासून मी तीच गाडी, तोच डबा धरतोय. काका नाहीत. बुधवारी खिडकीत कुणी वेगळंच, गुरुवारी तोच निळा शर्ट, आता कल्याणहून बसून येणारा. वाक्य शिळं व्हायला लागलं होतं. शेवटी आज राहवलं नाही, म्हणून बुवांनाच सांगितलं, ब्लॅकमोरच्या कपड्यांसकट सगळं.

बुवा हसतील असं वाटलं होतं. त्यांनी टाळांची दोरी बोटाला गुंडाळली आणि विचार करून म्हणाले, "पण साहेब, बृहन्नडा झाला तरी गांडीव त्याचंच होतं. शमीवर ठेवलेलं. दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं."

म्हणजे हेही त्यांच्यातलेच.

"आणि त्या दिवशीची ती पेटी लावा की जरा," ते म्हणाले. "ओरडायच्या आधी बंद करा."