पूर्वज शोधू नयेत, निवडावेत

वंशावळ नेहमी वरून खाली उतरवावी. आधी एखादा राजा, अगदीच जमलं नाही तर सेनापती पक्का करावा आणि तिथून आपल्यापर्यंत लागतील तेवढी माणसं पुरवत यावीत. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी कागदानिशी मागे जाणारेही लोक असतात. वर्षभर धूळ खाल्ल्यावर त्यांच्या हाती पणजोबांचा धाकटा भाऊ लागतो, तोही कर्जबाजारी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काहीही विचारू नका. आत्याच्या शेजारी रेकॉर्डर ठेवून जुना अल्बम उघडलात, तर ती टोपणनावं सांगेल, कोण कुणाला दत्तक गेलं ते सांगेल, कोणाचं दुसरं लग्न लपवलं होतं तेही सांगेल. एवढ्या माहितीपुढे तुमचा सेनापती टिकायचा नाही. आत्या गेल्यावर अल्बम निवांत बघा. तेव्हा कुठल्याही मिशीला कुठलंही नाव देता येतं.

त्या फोटोंमागे बॉलपेनने चांगलं दाबून लिहा, म्हणजे अक्षरं पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उठतील. मऊ शिशाची पेन्सिल ही भित्र्यांची सोय. फाटक्या पत्राला चिकटपट्टी लावा. काही वर्षांनी पट्टी सुटते, पिवळा डिंक मात्र कागदात मुरून राहतो. त्याहून पक्कं काम हवं असेल तर लॅमिनेशन करून घ्या. ते काही केल्या निघत नाही, त्यामुळे पुढे पश्चात्तापाचीही सोय उरत नाही.

आता कागदपत्रं. ती टाळता आली तर उत्तमच. हातात आलीच, तर मृत्यूच्या नोंदीतलं जन्मसाल डोळे मिटून उतरवा. माहिती देणारा बहुधा मुलगा नाहीतर जावई असतो. मृत्यू त्याच्या समोर झालेला, पण सासऱ्याचा जन्म काही त्याने पाहिलेला नसतो. असल्या बारकाव्यात शिरू नका. जनगणनेत 40, 45, 50 अशी गोल वयं जास्त का दिसतात, हेही विचारू नका. एका जोडप्याच्या मुलांत एकच नाव दोनदा आलं तर दोन्ही नोंदी बिनधास्त एक करा. पहिलं मूल दगावलं म्हणून पुढच्याला तेच नाव ठेवलं असेल, तर ते गेलेलं मूल तुमच्याकडे दाद मागायला येणार आहे थोडंच!

तारखांचं तर सोनंच आहे. इंग्लंडमध्ये 1752 च्या आधी कायद्याने वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे लग्न एप्रिल 1740 आणि पहिलं मूल फेब्रुवारी 1740 अशी जोडी वहीत दिसते. खरं तर मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं असतं. पण एवढं समजून घेतलंत तर घराण्यातलं एकुलतं एक प्रकरण हातचं जाईल.

एवढीही दगदग नको असेल तर इंटरनेटवर तयार झाडं लटकलेली आहेतच. आपल्या आडनावाचं दिसलं की पूर्ण फांदी तोडून आपल्या झाडाला लावा. खाली आधार दिलाय का, हे बघणं असभ्यपणाचं. एकाने ठोकून दिलेली गोष्ट म्हणजे नुसता अंदाज. तीच चाळीस जणांनी उतरवली की तिचे चाळीस पुरावे होतात, आणि त्यातला एक तुमचा. आई सात वर्षांची असताना मूल झालं, अशी लाल खूण सॉफ्टवेअर करेल. सूचना बंद करायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये असते.

डीएनए चाचणीही करून टाका. मूळ प्रदेशांची टक्केवारी आली की लगेच फ्रेम करा, कारण कंपनीने तुलनेचे नमुने बदलले की आकडे बदलतात. थुंकी तीच असते. 25 टक्के जुळणारा माणूस सावत्र भाऊ असू शकतो, काका असू शकतो, आजोबाही असू शकतो. वय विचारत बसू नका. थेट ‘आजोबा!’ असा निरोप धाडा.

एका गोष्टीपासून मात्र खरोखर जपा: क्रमांक. 1590 मध्ये आयट्झिंगर नावाच्या गृहस्थांनी वापरलेली ही पद्धत अजून चालते. आपण 1, कुणाच्याही वडिलांना त्याच्या दुप्पट आकडा, आईला त्याहून एक जास्त. पुरुष सम, बायका विषम. मांडून बघितलंत की 5, 11, 23, 47 असे खण एकामागून एक रिकामे दिसायला लागतात, कारण त्या बायकांच्या माहेरचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. अर्ध्या घराण्याचा पत्ता नाही आणि आपण राजापर्यंत पोचलो, हे भिंतीवर बरं दिसत नाही.

शिवाय दर पिढीला खण दुप्पट होतात. 10 पिढ्यांमागे 1,024, 30 पिढ्यांमागे 107 कोटींवर. तेवढी माणसं तेव्हा अख्ख्या जगात नव्हती, म्हणजे तीच तीच माणसं अनेक खणांत बसलेली. 814 साली वारलेला सम्राट शार्लमेन याच हिशेबाने आजच्या जवळजवळ प्रत्येक युरोपीय माणसाचा पूर्वज निघतो. तेव्हा झाड पुरं झालं तरी शेजाऱ्याला दाखवू नका. तुमचा राजा खरा ठरलाच, तर तो त्याचाही निघायचा.