घेरी आलेल्याला बसवू नका
घेरी (थोडा वेळ शुद्ध हरपणं) का येते यावरच्या तुमच्या लेखात कारणं चांगली सांगितलीत, पण शेजारी उभ्या असलेल्याने काय करायचं ते राहिलंच. आमच्या इंदूरला रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) राजवाड्यापाशी उन्हागर्दीत कुणी कोसळलं, की लोक त्याला धरून बसवतात, नाकाला कांदा लावतात (हा कांदा कुठून येतो देव जाणे!). खरं तर आडवं झोपवून पाय वर उचलायचे. मेंदूला रक्त पोचलं की साध्या घेरीतला माणूस लवकर शुद्धीवर येतो. शुद्ध नाही आणि श्वासही नीट नाही, तर १०८ ला फोन करून छाती दाबायला घ्या. हातपाय झटकले म्हणजे फिटच असंही नाही, हृदयाच्या ठोक्यांच्या दोषातही तसं होतं. पळताना शुद्ध हरपली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवाच.