"जळका माल" या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार ताई. बहिणीच्या लग्नात मी केलेल्या केसांत माळायच्या कापडी फुलांच्या क्लिपांमुळे तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "जळका माल गळ्यात मारला, चिंध्यांचे दीडशे रुपये घेतले, मारुती रोडला हेच चाळीसला मिळतं." हे वाचून एका नवरीच्या घरच्यांनी ऑर्डर थांबवलीय. लग्नसराईवरच माझं वर्षाचं गणित असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, पाकळीची ती कड जळालेली नाही, मुद्दाम तापवलेली आहे. मी कापड पेठेतून आणते ते साटीन पॉलिस्टरचं असतं. कात्री लागली की त्याचे धागे सुटायला लागतात. म्हणून प्रत्येक पाकळी चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवायची. पॉलिस्टर वितळतं, कड बंद होते आणि पाकळीला आतल्या बाजूला बाक येतो. तो बाक आला नाही तर गुलाब गुलाबासारखा दिसतच नाही, नुसत्या गोल चकत्या एकावर एक ठेवल्यासारख्या दिसतात. ज्योतीच्या पिवळ्या भागात पाकळी गेली तर काजळी धरते, म्हणून मी ती कडेने, खालच्या बाजूला धरते. सुती कापडाला हे चालत नाही, ते वितळत नाही, सरळ पेटतं. वितळलेली कड थोडी कडक आणि किंचित गडद होतेच. लाल, राणी, जांभळ्या रंगात ती लपते. मोतिया रंगात दिसते.

आणि हे मी तुम्हाला ऑर्डर घेतानाच मेसेजवर कळवलं होतं. "फिक्या रंगावर रेघ दिसेल, थोडा गडद बदामी घेऊया का?" तुम्ही म्हणालात, "चालेल, साडीला मोतियाच जातो." तो मेसेज मी इथे टाकत नाही, बरं दिसत नाही ते.

चाळीसच्या क्लिपला मी नावं ठेवणार नाही, ज्याचा त्याचा धंदा आहे. पण त्यातल्या बऱ्याच क्लिपांची फुलं नुसत्या ग्लू गनने चिकटवलेली असतात. उन्हात उभ्या गाडीत राहिली की गोंद मऊ पडतो. माझ्या फुलाची पाकळी न् पाकळी सुई-दोऱ्याने ओवलेली असते, मधले मोतीसुद्धा शिवलेले असतात. क्लिपला आतून रिबन लावते, म्हणजे केसांतून घसरत नाही. दीडशे रुपये त्या हातांच्या कामाचे आहेत. चिंध्या हा शब्द नको होता, ताई. उरलेले तुकडे मी वापरते ते फक्त गिऱ्हाइकाने साडीला मॅच हवं म्हणून स्वतः ब्लाउजपीस आणून दिला तरच.

तुम्ही परत पाठवलेल्या दोन्ही फुलांच्या मागचं फेल्टचं जाड कापड हेअरस्प्रेने कडक झालंय, म्हणजे ती समारंभात माळून झाली आहेत. तरी मी काही न बोलता ठेवून घेतली.

यापुढे फिक्या रंगाचं एक फूल आधी करून त्याचा फोटो पाठवत जाईन, बाकीही काय सुधारता येईल ते बघते. तुम्हाला दोन फुलं बदामी रंगात नव्याने करून देते, पैसे नकोत. विश्रामबागला येणं झालं की दुपारी चारनंतर या, मी घरीच असते. पाकळीची कड कशी बंद करतात तेही दाखवेन.