बापू, हाई धुकं नही, धूर शे

चार दिवसांपासून ग्रुपवर धडगावचे सकाळचे फोटो फिरताहेत. "ढगातलं गाव", "सातपुड्यातला स्वर्ग" वगैरे, आणि खाली लाईकच लाईक. कुणावर राग नाही, मलाही हे डोंगर जीव की प्राण आहेत, नोकरीपायी नऊ वर्षं इथेच काढलीत. पण त्या फोटोतलं सगळं पांढरं म्हणजे धुकं नाही, हे कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, तरी वाचा.

मागच्या जानेवारीत आप्पा शहाद्याकडून माझ्याकडे राहायला आले होते. सकाळी साडेसहाला अंगणात उभे राहिले, दोनदा खोकले आणि म्हणाले, "बापू, हाई धुकं नही, धूर शे." जन्मभर शेतात पहाट काढलेला माणूस, त्याला दोन्हीतला फरक कळतो. तुम्हीपण बघा. ऑगस्टमध्ये तोरणमाळला यशवंत तलावापाशी थांबलात तर मिशा ओल्या होतात, चष्म्यावर थेंब बसतात, वास येतो तो ओल्या मातीचा. ते धुकं. आणि आमच्याकडे जानेवारीत तासभर फिरून या, रुमाल कोरडाच, पण डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि स्वेटरला जळक्याचा वास लागलेला असतो.

यात दोष डोंगराचा नाही पण डोंगराची रचनाच तशी आहे. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. हिवाळ्याच्या रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन भराभर गार होते, तिच्या लगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी घरंगळत खोऱ्यात येऊन साचते. म्हणजे खाली गार, वर कोमट, उलटंच सगळं. ती कोमट हवा झाकणासारखी बसते. मी वरच्या पाड्यावरून हे कितीदा बघितलंय, चुलीचा धूर कौलांतून सरळ वर निघतो आणि थोडं वर जाऊन छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो, मग एका घराचा धूर दुसऱ्याच्या धुरात मिसळतो आणि गावावर चादर अंथरल्यासारखी दिसते. डाब गावाकडे गवतावरचं दव गोठतं ना, त्या रात्री तर ही चादर हमखास. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडतं, नऊ-दहानंतर हवा मोकळी. तोपर्यंत शाळेची पोरं तीच हवा छातीत भरून वर्गात बसलेली असतात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

फाल्गुनात गोष्ट वेगळी. साग उघडाबोडका, खाली वाळल्या पानांचा थर, मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालची पानं पेटवतात आणि ती आग कधी कधी डोंगरभर पळते. रात्री लांबून बघितलं तर डोंगराच्या गळ्यात लाल माळ घातल्यासारखी दिसते. पण मोह वेचणाऱ्याला शिव्या घालू नका, त्याच्या वर्षाच्या पैशाचा प्रश्न असतो. पानं झाडून बाजूला केली, झाडाखाली जुनी साडी नाहीतर जाळी अंथरली तरी फुलं मिळतात, पण ती जाळी त्याला आणून कोण देणार, यावर बोला. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा तापून उंच उठते, धूर वर निघून जातो, पण धूळ येते.

मग पाऊस. जूनच्या पहिल्या दोन-चार सरींनी हवा अशी धुऊन निघते की लांबचे डोंगर हाताला लागतील असे वाटतात. मात्र त्याच दिवसांत घरात ओलं लाकूड धुमसत असतं आणि दारं पावसामुळे बंद. बाहेर वर्षातली सगळ्यात चांगली हवा आणि आत चुलीपुढे बसलेली बाई डोळे पुसतेय. गॅस आलाय बऱ्याच घरी, पण सिलेंडर भरायला पैसे लागतात आणि लाकूड जंगलात मिळतं.

2019 ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात आपलं जळगाव आहे, चांगलंच आहे. पीएम 2.5 म्हणजे बारीक कणांची आपल्याकडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. आमच्या खोऱ्यात सकाळी सातला किती असतात? मोजायचं यंत्र मी इथे बघितलेलं नाही आणि मोबाईलमधलं ॲप जे सांगतं तो लांबून काढलेला अंदाज. म्हणून माझी मागणी एवढीच की डोंगरातल्या तालुक्याच्या गावीही एक यंत्र बसवा, शाळेच्या आवारात बसवा.

आणि तोपर्यंत आपल्या हातातलं. संध्याकाळी कचरा पेटवणं बंद करा, प्लास्टिक तर कधीच नको. संध्याकाळी पेटवलेला ढीग रात्रभर धुमसतो आणि तो धूर झाकणाखालीच राहतो. माझ्या गल्लीच्या टोकाला रोज हेच चालतं, तीनदा सांगून झालं, चौथ्यांदा जाणार आहे. म्हाताऱ्या माणसांनी सकाळचं फिरणं नऊनंतर ठेवा. आणि या आठवड्यात कुणी पहाटे वरच्या पाड्यावर असाल तर गावाचा फोटो काढून कमेंटमध्ये टाका, वेळ लिहून. त्याच जागेवरून दहा वाजताचापण एक काढा, दोन्ही शेजारी ठेवून तहसीलमध्ये अर्जासोबत द्यायचेत.